याचा बॅज कुठाय?

स्पॉक मेला तेव्हा मी दहा वर्षांची होते. बोईसरच्या कॉलनीतलं आमचं दोन खोल्यांचं घर, भाड्यानं आणलेला व्हीसीआर, आणि कुणाकडून तरी फिरत फिरत आलेली ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या चित्रपटाची कॅसेट. जहाजाचं इंजिन बंद पडलेलं, मागे स्फोट होऊ घातलेला, पळायला ताकद नाही. स्पॉक किरणोत्सारानं भरलेल्या कोठडीत शिरतो, हातांनी दुरुस्ती करतो, जहाज निसटतं आणि तो काचेच्या भिंतीपलीकडे कोसळतो. माझा भाऊ हुंदके देत होता. शेजारच्या काकूंना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, त्याही पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. बाबा नाइट पाळी करून दुपारभर झोपले होते, नुकतेच उठून चहा घेत मागे उभे होते. ते म्हणाले, “याचा बॅज कुठाय?”

कुणी उत्तर दिलं नाही. बाबांनी कॅसेट मागे न्यायला लावली. पुन्हा तेच दृश्य. “आणि हेल्थ फिजिक्सवाला कुठाय? आत किती आहे ते मोजलं कुणी?” मग पेला खाली ठेवून ते समजावून सांगायला बसले. असं काम एकट्यानं करायचंच नसतं. चाळीस माणसं लावायची. आधी बाहेर, साध्या जागेत, तस्सं यंत्र मांडून सराव करायचा. मग एकेकानं आत जायचं, दोन आटे फिरवायचे, घड्याळ लावून बाहेर यायचं. प्रत्येकाच्या वाट्याला थोडा थोडा डोस येतो, कुणी मरत नाही.

“पण मग पिक्चर कसा होणार?” भावानं रडवेल्या आवाजात विचारलं.

“पिक्चर नाही होणार,” बाबा म्हणाले, “काम होईल.”

पुढे ज्या वह्या तुम्ही वाचणार आहात त्यांतला वाद त्या संध्याकाळी सुरू झाला, असं मी मानते. वादाचा विषय एका ओळीचा आहे: ‘स्टार ट्रेक’मधलं सर्वांत श्रेष्ठ पात्र कोणतं? बोईसर, चिंचणी, तारापूर आणि पालघर इथली आम्ही काही मंडळी, शाळेत असल्यापासून आजतागायत, या प्रश्नावर फुलस्केप वह्यांमध्ये भांडत आलो आहोत. ज्याला मुद्दा मांडायचा त्यानं लिहायचं, ज्याला खोडायचा त्यानं समोरच्या पानावर लिहायचं, पान फाडायचं नाही, एवढे तीनच नियम. वही एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जायची. पावसाळ्यात रिक्षात भिजलेली पानं इस्त्रीनं वाळवल्याच्या खुणा तिच्यावर आहेत.

तारापूरबाहेरच्या वाचकासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्याकडे डोस हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तो औषधाच्या संदर्भात नाही. तारापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या नियंत्रित भागात जाणारा प्रत्येक माणूस छातीवर बॅज लावतो. त्याच्या अंगावर किती किरणोत्सार पडला हे तो बॅज सांगतो, आणि ते आकडे माणसाच्या नावापुढे आयुष्यभर नोंदले जातात. अणुऊर्जा नियामक मंडळाची आजची मर्यादा एका वर्षात 30 मिलिसीव्हर्ट आणि सलग पाच वर्षांत मिळून 100 अशी आहे. वडील, काका, शेजारी घरी येऊन “या महिन्यात डोस जास्त झाला, पुढचे काही दिवस बाहेरचं काम” असं सहज बोलायचे. त्यामुळे स्पॉकच्या मरणाकडे जगभरच्या चाहत्यांनी त्याग म्हणून पाहिलं, तेव्हा आमच्या घरांत आधी हिशेब झाला. मला त्या हिशेबात भावना कमी दिसत नाही. उलट स्पॉकला वाचवता आलं असतं असं खरोखर वाटणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

तारखा जुळवायचा नाद आमच्यातल्या एकाला आहे, त्यानं पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक कोष्टक आखलं आहे. 1964 साली तारापूरच्या किनाऱ्यावर अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अणुभट्ट्यांचं काम सुरू झालं. 24 एप्रिल 1966 रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. त्याच वर्षी 8 सप्टेंबरला अमेरिकेत जीन रॉडनबेरीच्या ‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग दाखवला गेला. 79 भागांनंतर, 3 जून 1969 ला, पुरेसे प्रेक्षक नाहीत म्हणून ती मालिका गुंडाळली गेली. पुढच्याच महिन्यात माणूस चंद्रावर उतरला, आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून भारतातली पहिली अणुवीज तारापूरहून रीतसर मिळू लागली. या तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला कळतं. तरीही एका पिढीनं एकाच वेळी तीन ठिकाणी भविष्याचा पाया खणायला घेतला होता, असं ते कोष्टक पाहताना वाटत राहतं.

आम्हाला ती मालिका खूप उशिरा भेटली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शननं ती रविवारी सकाळी दाखवली तेव्हा अमेरिकेत तिचे चित्रपट निघू लागले होते. पाठोपाठ आपल्याकडे ‘इंद्रधनुष’ आणि ‘स्पेस सिटी सिग्मा’ आल्या, 1998 साली ‘कॅप्टन व्योम’ आला. त्याही आम्ही भक्तिभावानं पाहिल्या, पण त्या लवकर संपल्या, आणि संपलेल्या मालिकेवर तीस वर्षं भांडता येत नाही.

मराठी विज्ञानकथेतलं एखादं पात्र का नाही, परदेशी जहाजच का, असं आम्हाला अनेकदा विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधते आहे. मराठीत विज्ञानकथेची परंपरा बळकट आहे. ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर ‘केरळ कोकिळ’ मासिकातून शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच मराठीत आली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की जयंत विष्णू नारळीकरांनी आपलीच आद्याक्षरं उलटी करून ते नाव घेतलं होतं. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आली. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली. पण आपली विज्ञानकथा वाढली ती मासिकांत, दिवाळी अंकांत आणि स्पर्धांत. वर्षातून एकदा, दहा-बारा पानं. एवढ्या जागेत कल्पनाच नायक होते. ‘कृष्णविवर’ वाचलेल्याला कृष्णविवर आठवतं, त्यातल्या माणसाचं नाव बहुतेकांना आठवणार नाही. लेखकाची ती चूक नाही, साच्याची ती गरज आहे.

पात्रावर भांडायचं तर ते पात्र वारंवार भेटावं लागतं, थकलेलं, चुकलेलं, खोटं बोललेलं, माघार घेतलेलं दिसावं लागतं. कर्ण थोर की अर्जुन, हा वाद पारावर हजार वेळा रंगला तो महाभारत शंभर बाजूंनी माहीत असल्यामुळे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयवरही आमच्या आजोबांच्या पिढीनं असेच पक्ष घेतले. भा. रा. भागवतांच्या हाती तर दोन्ही गोष्टी होत्या: व्हर्न त्यांनी मराठीत आणला आणि फास्टर फेणेसारखा पुस्तकामागून पुस्तकात भेटणारा मुलगाही त्यांनीच दिला. फुरसुंगीचा तो फेणे पुस्तकामागून पुस्तक एखाद्या अवकाशयानात वाढला असता, तर या वह्यांचा विषय कदाचित तोच असता. ती रुखरुख मला अजून आहे.

आता वह्यांकडे वळते.

कॅप्टन कर्कबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पहिल्या वहीत त्याचे पाच पाठीराखे आहेत, दुसरीत एक, तिसरीत कुणी नाही. मुलं मोठी होत गेली तसा तो मागे पडला. डॉक्टर मॅकॉयचं तसं झालं नाही. त्याच्यावर एका वेळी फार पानं नाहीत, पण प्रत्येक वहीत आहेत, आणि ती बहुतेक घरात आजारपण येऊन गेल्यानंतर लिहिलेली आहेत.

खरी गर्दी आहे ती स्कॉटीच्या बाजूला. एंटरप्राइझ जहाजाचा मुख्य अभियंता माँटगोमेरी स्कॉट. जगात इतरत्र चाहते स्पॉक, पिकार्ड, डेटा यांच्यावर भांडतात आणि स्कॉटीवर प्रेम करून पुढे जातात. आमच्याकडे तो थेट सिंहासनाचा दावेदार आहे, आणि त्याचं कारण तारापूरच्या इतिहासात आहे. 1974 साली पोखरणची चाचणी झाली. त्यानंतर अमेरिकेनं इंधनाच्या बाबतीत हात आखडता घेतला. पुढे कधी फ्रान्स, कधी चीन, कधी रशिया, असं ते मिळवावं लागलं. यंत्र परक्याचं, बनवणारा देश पाठ फिरवून बसलेला. दुय्यम वाफ-जनित्रांच्या नळ्या गळू लागल्या तेव्हा ती बाजूला काढून, 210 मेगावॅटच्या भट्ट्या 160 वर चालवायचा निर्णय झाला. इंजिन सांभाळणाऱ्या माणसाला हे दुःख कळतं: यंत्राची मूळ ताकद कमी झालेली मान्य करायची, आणि उरलेल्या ताकदीत ते वर्षानुवर्षं चालू ठेवायचं. स्कॉटी जेव्हा कॅप्टनला सांगतो की याहून जास्त वेग इंजिन सोसणार नाही, तेव्हा आमच्या कॉलनीतले काका मान डोलवायचे. दुरुस्तीला लागणारा वेळ तो मुद्दाम फुगवून सांगतो हे एका चित्रपटात उघड होतं. शटडाऊनचं वेळापत्रक वरच्यांना देणाऱ्या माणसांना ते चित्रपटाआधीपासून ठाऊक होतं.

या बाजूच्या लिखाणात ‘रेलिक्स’ नावाच्या भागावर सव्वीस पानं आहेत. 1992 साली आलेला तो भाग. पंचाहत्तर वर्षं एका यंत्राच्या स्मृतीत अडकून राहिलेला स्कॉटी नव्या एंटरप्राइझवर जिवंत परततो. नवा मुख्य अभियंता जॉर्डी कामात गर्क आहे. म्हातारा मदत करू पाहतो, मध्ये मध्ये येतो, शेवटी एका खोलीत आपल्या जुन्या जहाजाचा नियंत्रण कक्ष संगणकाकडून उभा करवून घेऊन एकटाच बसतो. 2005 आणि 2006 मध्ये तारापूरची चौथी आणि तिसरी भट्टी सुरू झाली, प्रत्येकी 540 मेगावॅटची, भारतीय आराखड्याची. जुन्या नियंत्रण कक्षात काट्यांच्या तबकड्या होत्या, नव्यात संगणकाचे पडदे आले. त्या काळात माझ्या बाबांनी वहीत पहिल्यांदा आणि एकदाच लिहिलं. त्यांचं पान पुढे जसंच्या तसं आहे, मी त्यातला शब्द इथे सांगणार नाही. एवढंच म्हणते की ते जॉर्डीच्या बाजूनं आहे.

स्कॉटीची भूमिका करणारा जेम्स ड्यूहन दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या फौजेतून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला होता, तिथे त्याचं एक बोट गेलं. पुढे मिलवॉकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयानं त्याला मानद पदवी दिली. खोट्या अभियंत्याला खरी पदवी, यावर आमच्यात दोन महिने वाद झाला आणि ती योग्यच होती असं ठरलं. एकमतानं ठरलेली ही आमची एकमेव गोष्ट.

उहूराचा पक्ष मी चालवते, म्हणून तिच्याविषयी इथे आवरतं घेते. तिची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्सनं सांगितलेली आठवण मात्र वाचकाला माहीत हवी: पहिल्या वर्षानंतर ती मालिका सोडून निघाली होती, आणि मार्टिन ल्यूथर किंगनी तिला थांबायला सांगितलं, कारण पडद्यावर नोकराणी नसलेली, अधिकारपदावरची काळी स्त्री तेव्हा दुसरी नव्हती. पुढे तिनं नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार मिळवण्याचं काम केलं. आणखी एक नाव आमच्या भागात विशेष जिव्हाळ्याचं आहे. 1979 च्या पहिल्या चित्रपटात डोक्याचा गोटा केलेली इलिया ही मुंबईच्या पारशी पर्सिस खंबाटानं केली, 1965 ची मिस इंडिया. तारापूर हे पारशांचं जुनं गाव, तारापोर हे आडनाव जगभर गेलं ते इथूनच. डहाणूकडच्या एका इराणी बागाइतदाराच्या घरी तिचा फोटो भिंतीवर पाहिल्याचं आमच्या एका मैत्रिणीनं लिहिलं आहे. एकाच चित्रपटातलं पात्र श्रेष्ठ ठरू शकतं का, हा तिनं काढलेला मुद्दा अजून सुटलेला नाही.

कॅप्टन जेनवेची बाजू एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात काम करणाऱ्या मैत्रिणीनं लढवली आहे. घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर, ना गोदी ना सुटे भाग. तिचं लिखाण नेमकं आणि कोरडं आहे, मला ते फार आवडतं.

आणि नव्या एंटरप्राइझचा कॅप्टन पिकार्ड. या पात्राविरुद्ध या वह्यांत जे लिहिलं गेलं आहे, तसं दुसरीकडे मी वाचलेलं नाही. आमचा एक मित्र अक्करपट्टीचा. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, समुद्राकाठची घरं सोडून लोक आतल्या बाजूला वसवले गेले. 1994 च्या एका भागात पिकार्डला असाच हुकूम येतो: तह झाला आहे, सीमा बदलली आहे, या ग्रहावर वसलेल्या लोकांना हलवा. ते लोक अमेरिकेच्या मूळनिवाशांचे वंशज आहेत आणि त्यांची जमीन पूर्वीही गेलेली आहे. पिकार्ड वरच्यांशी वाद घालतो, हरतो, आणि हुकूम पाळायला निघतो. तोपर्यंत आमचा हा मित्र पिकार्डचा कट्टर भक्त होता, त्याची भाषणं त्याला पाठ होती. तो भाग पाहून आल्यावर त्यानं लिहिलं की हा माणूस चांगला आहे, आणि चांगला माणूस दारात आला तरी घर जातंच. त्यापुढे त्यानं पिकार्डचं नाव यादीतून खोडलं. समोरचं पान, जिथे खोडून काढायची मुभा आहे, बारा वर्षं कोरं होतं. मग आमच्यातल्याच एकीनं, जिचे वडील त्याच भट्ट्यांच्या बांधकामावर होते, तिथे लिहिलं. ती दोन पानं सलग वाचावीत, अशी माझी विनंती आहे.

शेवटी लाल सदरेवाले.

जुन्या मालिकेत सुरक्षा आणि अभियांत्रिकी विभागाचा गणवेश लाल होता. कर्क, स्पॉक आणि एखादा अनोळखी लाल सदऱ्यातला शिपाई नव्या ग्रहावर उतरले की कोण परत येणार नाही हे प्रेक्षकाला आधीच कळायचं. जगभर त्याचा विनोद झाला. आमच्याकडेही पहिल्या वहीत तो विनोद आहे. मग कुणीतरी हिशेब मांडला की जहाजावर सर्वाधिक माणसं लाल सदऱ्याचीच होती, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण वाटतं तेवढं वाईट नव्हतं. दुसऱ्यानं आठवण दिली की स्कॉटी आणि उहूराही लालच घालतात. वाद तिथे थांबला असता.

पण बाबांची ती चाळीस माणसं आमच्या डोक्यातून गेली नव्हती. मोठ्या शटडाऊनला बाहेरून शेकडो कामगार येतात. आठवडे-महिने राहतात, बॅज लावतात, आपल्या वाटचे आटे फिरवतात, बॅज परत देतात आणि जातात. बोईसर स्टेशनबाहेर सकाळी शेअर रिक्षांच्या रांगेत डबा घेऊन उभे असलेले मी त्यांना लहानपणापासून पाहिले आहेत. त्यांच्यातला एकही मला नावानं माहीत नाही. बाबांना काहींची नावं माहीत होती. निवृत्तीनंतर एका दुपारी ते ती नावं एकामागून एक म्हणत बसले होते, मी मोजली तर सतराला येऊन ते थांबले आणि आठवत राहिले.

त्या आठवड्यात माझ्या भावानं पुन्हा पहिल्या भागापासून मालिका पाहायला घेतली. कागद-पेन्सिल घेऊन, मागेपुढे करत, 79 भाग. लाल सदऱ्यात मेलेल्या प्रत्येकाचं नाव शोधायचं. काही नावं पात्रांच्या तोंडी एकदाच येतात, काही फक्त श्रेयनामावलीत सापडतात. यादीच्या सुरुवातीला मॅथ्यूज आणि रेबर्न आहेत, 1966 च्या ऑक्टोबरमधले, एका गोठलेल्या ग्रहावरच्या गुहेत मेलेले. सर्वांत श्रेष्ठ पात्र म्हणून भावाचं मत या संपूर्ण यादीला आहे. नियमात ते बसतं का यावर चौथी वही निम्म्याहून अधिक भरली आहे. मी त्याच्या विरुद्ध लिहिलं आहे आणि अजूनही विरुद्धच आहे, कारण पात्र म्हणजे जे आपल्याला पुन्हा भेटतं ते, असं मला वाटतं. छापायला देताना मात्र त्याची यादी आम्ही जशी आहे तशीच, सगळ्यात शेवटी ठेवली आहे. प्रत्येक ओळीत भागाचा क्रमांक, मरणाचं कारण आणि नाव. ज्यांचं नाव कुठेच सापडलं नाही तिथे त्यानं पेन्सिलीनं रेघ ओढून जागा सोडली होती. मुद्रकानं त्या ओळी गाळू का म्हणून विचारलं. रेघा तशाच ठेवायला सांगितल्या आहेत.